आधीच दिलेला

अर्पण,

हे लिहितो आहे याबद्दल आधी माफ कर. तुझ्याविषयी लिहिण्याचा अधिकार ज्यांना आहे ते लोक वेगळे आहेत. ते तुझ्या ख्रिस्ती मंडळीतले आहेत. त्यांना शास्त्र येतं, प्रार्थना येते, माणूस गेल्यावर काय बोलायचं असतं तेही येतं. मी राजाजीनगरातल्या एका शिंप्याचा मुलगा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि बी.कॉम.च्या पुस्तकांत यातलं काही नसतं. माझी मराठी कशी आहे ते तुला ठाऊकच आहे. घरात बोलण्यापुरती, त्यातही अर्धी कन्नड. ती कागदावर उतरवायला तू शिकवलंस, म्हणून तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिण्याचं धाडस मला झालंही नसतं.

गेल्या रविवारी तुझी स्मरणसभा झाली. इथली मराठी मंडळी उपासनेला ज्या भाड्याच्या खोलीत जमते, तिथेच. तुझा फोटो कुणाकडे नव्हता, म्हणून बायबल कॉलेजच्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणला होता. चेहरा पुसट झाला होता आणि शिक्क्याची अर्धी गोल रेघ गालावरून गेली होती. मी दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसलो. पाळकसाहेबांनी हाताला धरून पुढे न्यायचा प्रयत्न केला, पण मला तिथंच बरं वाटत होतं. ते बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "या तरुणानं आपली इच्छा प्रभूच्या पायाशी पूर्णपणे वाहिली होती." मग म्हणाले, "तो जन्माला यायच्या आधीच त्याच्या आईनं त्याला देवाला देऊन टाकलं होतं." सगळे आमेन म्हणाले. दोन वाक्यं एकामागून एक आली आणि कुणाला काही खटकलं नाही. मला खटकलं. आईनं देऊन टाकलं होतं, तर मग तू काय वाहिलंस?

हा प्रश्न खरं तर तुझाच. तो तू माझ्या डोक्यात घातलास आणि उत्तर न देता गेलास.

तू पहिल्यांदा आमच्या दुकानात आलास तेव्हा तुझ्या हातात एक तपकिरी कोट होता. परदेशातून कॉलेजला कपड्यांची गाठोडी यायची, त्यातला. अप्पांनी कन्नडमध्ये काय करायचं म्हणून विचारलं आणि तू नुसताच खांदे दाखवत राहिलास. अप्पा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "ह्याच्यात दोघं बसतील रे."

तू म्हणालास, "तिघं बसतील, अण्णा. एक अमेरिकेतला आधीच बसून गेलाय."

अप्पांनी चष्मा वर केला. "मराठी का तू?"

"जालन्याकडचा. तुम्ही?"

"आम्ही इथलेच की. येऊन तीनेकशे वर्षं झाली असतील."

"मग परत कधी निघायचं म्हणता?"

अप्पा गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर सहसा हसत नाहीत. त्या दिवशी टेप गळ्यात तशीच ठेवून हसत बसले. मग म्हणाले, "खांद्यात स्वल्प कमी करतो, लांबी राहू दे, सरी?" तू लगेच आमचा तो कन्नड होकार उचलून म्हणालास, "सरी, अण्णा," आणि त्या दिवसापासून आमच्या घरचा झालास.

मारतहळ्ळीच्या पलीकडे, निलगिरीच्या झाडांत तुझं कॉलेज. तिथून दोन बस बदलून तू दर रविवारी दुपारी यायचास. म्हणायचास, आठवडाभर इंग्रजीत देव आणि हिंदीत जेवण चालतं, एक दिवस तरी मराठी कानावर पडू दे. अम्मानं पहिल्याच जेवणाला विचारलं, घरी कोण कोण. तू सांगितलंस, आई आणि धाकटी बहीण, वडील लहानपणीच गेले. आणि मग साध्या आवाजात, भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलंस, की तुझ्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून तू पोटात असताना आईनं तुमच्या देवळात, चर्चमध्ये, उभं राहून सांगितलं, हे मूल जगलं तर तुझ्या सेवेला देईन. म्हणून नावही अर्पण.

"म्हणजे नवस," अम्मा म्हणाली.

"नवस नाही, अम्मा. वचन."

"तेच की. पण आमचा नवस फिटतो बाबा. केस दिले, नारळ दिला, झालं. आमच्या देवाला केस पुरतात. तुमच्या देवाला अख्खं पोर लागतं?"

मला वाटलं तुला राग येईल. तुला एवढं हसू आलं की ठसका लागला. पाणी पिऊन म्हणालास, "हे मी आमच्या सरांना विचारतो." विचारलंस की नाही ते कधी सांगितलं नाहीस. पण त्यानंतर कितीदा तरी मध्येच म्हणायचास, "केस पुरतात," आणि एकटाच हसायचास. नंतर नंतर ते हसणं थोडं कमी झालं होतं, ते माझ्या लक्षात आलं होतं.

जेवण झालं की तू मला वाचायला बसवायचास. शाळा कन्नडमध्ये झालेली, हिंदीमुळे अक्षरं ओळखीची, पण मराठी वाक्य वाचताना मी दर शब्दाला अडखळायचो. तुझ्या गाण्यांच्या वहीवरून शिकलो मी. ज्या भाषेत अम्मा रागावते आणि आजोबा गेले तेव्हा अप्पा ज्या भाषेत रडले, ती भाषा वाचताही येते, हे मला विसाव्या वर्षी कळलं. त्याचे आभार मानायचे राहिले. तुझ्यासमोर आभार मानले असते तर तू म्हणाला असतास, "मग आता शुद्धलेखन लिही." म्हणून मानले नाहीत.

माझ्या परीक्षेच्या आधी मी म्हटलं होतं, "तुझ्या देवाला सांग, अकाउंट्समध्ये पास कर."

तू डोळे मिटून खरंच प्रार्थना केलीस. शेवटी म्हणालास, तरी तुझी इच्छा असेल तसं होऊ दे.

"ते शेवटचं गाळ," मी म्हटलं. "त्याच्या इच्छेवर सोडलं तर मी नापास."

"ते गाळलं तर प्रार्थना राहत नाही रे. ऑर्डर होते."

"मग ऑर्डर दे."

तू हसलास. मग म्हणालास, "ते वाक्य म्हणणाऱ्याकडे आधी स्वतःची इच्छा लागते. तुझ्याकडे आहे. पास व्हायची." एवढंच.

त्यातला अर्थ मला पुढे कळला, तुझ्या कॉलेजात आलो होतो तेव्हा. निलगिरीच्या सावलीत कुंपणावर बसून तू मला शिबिराची गोष्ट सांगितलीस. तू शाळेत असताना गावाजवळ तरुणांचं शिबिर भरलं होतं. शेवटच्या दिवशी प्रवचनकारांनी विचारलं, कोण आपलं जीवन प्रभूला द्यायला तयार आहे, त्यानं उभं राहावं. पोरं उभी राहायला लागली. कुणी रडत होतं. तूही उभा राहिलास. तेव्हा तुमचे पाळक मागून आले, प्रेमानं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू बस, बाळ. तुला आधीच दिलंय." आणि तुला गाण्यांची पुस्तकं गोळा करायला लावलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. केली गोळा."

तू सांगितलंस की दर वाढदिवसाला आई तुला देवळात पुढे न्यायची, डोक्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, प्रभू, हे तुझं. लहानपणी तुला त्याचा अभिमान वाटायचा. मग एका वर्षी वाटलं, की ह्या सगळ्यात मी कुठंय. देणारी आई. घेणारा देव. मध्ये मी, हातातल्या ताटासारखा.

मी म्हटलं, "मग सोड की हे. तुझ्या मनात काय आहे ते कर."

तू म्हणालास, "ते कुठं माहिताय मला? सिटी बसचा कंडक्टर व्हावंसं वाटतं कधी कधी. दोरी ओढली की बस थांबते. आपल्या हातानं काहीतरी थांबतं." मी हसलो. तू नाही हसलास. मग म्हणालास, "प्रभू क्रुसाच्या आदल्या रात्री त्या बागेत पालथा पडून रडला ना, हे दुःख टाळ म्हणून. म्हणजे त्याला काहीतरी हवं होतं. ते हवंपण त्यानं खाली ठेवलं. त्याला शरण जाणं म्हणतात. माझ्याजवळ खाली ठेवायला काय आहे? रिकाम्या हातानं मी काय खाली ठेवू?"

  त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की तुझ्या हातात काहीतरी येईल असं बघायचं. म्हणून इंदिरानगरातल्या त्या शाळेचं काढलं. तिथल्या मोठ्या बाईंचे कपडे अप्पा शिवतात. त्यांना हिंदीचा मास्तर हवा होता. तू घाबरत घाबरत गेलास, एक तास शिकवून दाखवलास आणि संध्याकाळी दुकानात आलास तेव्हा तुझ्या बाहीवर खडू लागला होता. तो तू झटकला नव्हतास.

अम्मानं विचारलं, "पोरं ऐकतात का?"

"ऐकतात, अम्मा. एक मुलगी तर म्हणाली, सर, उद्या पण या." हे सांगताना तुझा चेहरा जसा होता तसा मी पुन्हा पाहिला नाही.

कॉलेजचं शेवटचं वर्ष संपत होतं. तुला सातपुड्यात पाठवायचं ठरत होतं, आदिवासी पाड्यावर. तू म्हणालास, सुट्टीत घरी जाऊन आईला सांगतो आणि जूनपासून शाळेत लागतो. अप्पांनी तुला शाळेसाठी दोन शर्ट शिवून ठेवले.

तू घरून परत आलास आणि म्हणालास, "मी डोंगरात जातोय."

कारण विचारलं तर नुसती मान हलवायचास. अम्मानं विचारलं, आई रडली का? तू म्हणालास, "रडली," आणि विषय बदललास. अप्पांनी शर्ट तेवढे बांधून दिले. स्टेशनवर मी एकटाच आलो होतो. माझा संयम सुटला. मी म्हटलं, "तू जातच नाहीयेस. तुझी आई जातेय. तू नुसता गाडीत बसलायस."

तू खिडकीतून माझा हात धरलास. "तसं नाही रे रंगा."

"मग कसं ते सांग."

"परत आल्यावर सांगतो. आत्ता सांगितलं तर तू माझ्याशी भांडशील आणि मला भांडायचं नाहीये. लई दिवसांनी मला बरं वाटतंय."

मी ते खोटं धरलं. मला वाटलं, हरलेल्या माणसाला असंच बरं वाटत असेल, आता लढायचं नाही म्हणून.

पावसाळ्यानंतर तुझ्याबरोबर शिकणारा एक केरळचा मुलगा दुकानात आला आणि इंग्रजीत म्हणाला, तुम्ही अर्पणचे लोक ना. मलेरिया डोक्यात गेला होता. पाड्यावरून खाली आणायला गाडीरस्ता नव्हता, खाटेवरून आणलं, दवाखाना आला तेव्हा तू उरला नव्हतास. तिथेच मातीही दिली. आम्हाला कळेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. अम्मा आतून बाहेर आली आणि त्या मुलाला विचारत राहिली, जेवलास का, जेवलास का. दुसरं काही तिला सुचत नव्हतं.

आता मी तुझ्यावर रागवावं तर तू नाहीस. तुझ्या देवावर रागवावं तर माझी त्याच्याशी ओळख होती ती तुझ्यामार्फत, तीही आता तुटली. तरी मी परवा दुकानात कुणी नसताना प्रयत्न करून पाहिला. तू करायचास तसे डोळे मिटले आणि म्हटलं, जे झालं ते तुझ्या इच्छेनं झालं, मला मान्य आहे. शब्द तोंडातून नीट निघाले. आत काहीच मान्य झालं नाही. मशीनचा आवाज शेजारच्या दुकानातून येत होता तसाच येत राहिला. शरण जाणं आणि हरणं वेगळं असतं, असं तू म्हणायचास. मला हरणं तेवढं कळलं.

आणि खरं सांगतो, माझा राग शेवटी एका माणसावर जाऊन थांबतो, जिला मी कधी पाहिलेलं नाही. तुझ्या आईवर. जगलेलं पहिलं पोर तिनं जन्मायच्या आधी देऊन टाकलं. तिच्या वचनापायी तुला उभंसुद्धा राहता आलं नाही. सभेत लोक तिच्या त्यागाची स्तुती करत होते तेव्हा मला उठून विचारावंसं वाटत होतं, की दुसऱ्याचं आयुष्य देणं हा त्याग कसा? देवानं तरी ते कसं घेतलं? विचारलं नाही. चपलांच्या बाजूला बसलेल्या माणसानं असं विचारायचं नसतं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. आता पुढचं लिहिणं भाग आहे.

काल दुपारी एक बाई दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. पांढऱ्या पातळाचा पदर डोक्यावर, पायात रबरी चपला, बरोबर तुझ्या कॉलेजचा शिपाई. कॉलेजात राहिलेली तुझी पेटी न्यायला आली होती. अप्पांनी बघताक्षणी ओळखलं. कपाळ तुझंच आहे.

"तू रंगा ना, लेकरा?" ती म्हणाली. "लई नाव काढायचा तुझं."

अम्मानं तिला आत नेऊन बसवलं, कॉफी दिली. तिनं पेला दोन्ही हातांत धरला आणि प्यायली नाही. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. म्हणून असेल, पण मी विचारून टाकलं, "त्याला शाळेत लागायचं होतं. तुम्हाला सांगितलं होतं का त्यानं?"

"सांगितलं ना. म्हनला, माय, मला डोंगरात जायचं न्हाई. मला शाळेत शिकवायचंय. तुझं वचन मोडतंय, मला माफ कर." ती थांबली. "म्या बोललेच न्हाई त्याच्याशी. चूल पेटवायची, वाढायचं, आन् गप. तोबी गप. मंग रविवारी देवळात उठले. सगळ्यांसमोर म्हनलं, देवा, ह्याला म्या दिलं व्हतं. ते देनं म्या परत घेते. पाप लागलं तर माझ्या डोक्यावर. पोर मोकळं."

अम्मानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लोक बघत राहिले. पाळकसाहेब मला बस म्हनाले, म्या बसले न्हाई. घरी आलो. मला वाटलं, आता हसंल, पेटी भरंल, तुमच्याकडं यील. तर सांजच्याला माझ्याजवळ बसला आन् म्हनला, माय, आज पहिल्यांदा मी माझा झालो. आता देन्यासारखं माझ्याजवळ काहीतरी हाय. मी जातो डोंगरात."

तिनं माझ्याकडे पाहिलं. 

"म्या म्हनलं, येड्या, देन्यासाठी न्हाई सोडलं तुला. ठेवन्यासाठी सोडलं. पाया पडले त्याच्या. म्या धरून ठेवलं असतं, तर माझ्यावर रागावून का व्हईना, तुमच्या शाळेत राहिला असता. म्या सोडलं म्हनून गेला, लेकरा."